निकाल लागला, आता कागद सोडवा : अमरावती-अकोल्याच्या नव्या पदवीधरांसाठी खर्चाचा हिशेब

पेढे वाटून झाले, फोटो टाकून झाले. आता कॉलेज, विद्यापीठ आणि तहसील या तीन ठिकाणी अडकलेले तुमचे कागद सोडवून घ्या. यातली बहुतेक कामं स्वस्त आहेत, काही तर फुकट. पैसे जातात ते घाईपायी. उद्या मुलाखत आणि आज टी.सी. हवी, अशी वेळ आली की दलाल सांगेल ती रक्कम मोजावी लागते. म्हणून निकालानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, नोकरीचा कॉल येण्याआधीच, हे सगळं उरकून टाका. कोणत्या क्रमाने, किती पैशांत आणि कुठे सावध राहायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी तुमचं दार ओळखा

कॉलेज अमरावतीत किंवा अकोल्यात असलं, तरी पदवी कोणाची हे वेगळं. गुणपत्रिकेच्या माथ्यावरचं नाव वाचा आणि त्याच दाराशी जा.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., विधी आणि बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयं : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, मार्डी रोड, अमरावती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे याच विद्यापीठाखाली येतात. कृषी पदवी : डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. वैद्यकीय, नर्सिंग, आयुर्वेद : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक. पशुवैद्यक : नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. मुक्त विद्यापीठाची पदवी : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक, आणि त्याचं अमरावतीतलं विभागीय केंद्र. पदविका : तंत्रशिक्षण मंडळ. स्वायत्त महाविद्यालय असेल तर गुणपत्रिका कॉलेजची आणि पदवी विद्यापीठाची, म्हणजे चकरा दोन्हीकडे.

दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर विद्यापीठात विचारू नका. ते काम राज्य मंडळाच्या अमरावती विभागीय कार्यालयाचं आहे.

घरात मोठ्यांची जुनी पदवी काढायची असेल तर वर्ष बघा. अमरावतीचं विद्यापीठ 1983 मध्ये सुरू झालं. त्याआधीची वऱ्हाडातली पदवी नागपूर विद्यापीठाची आहे. डुप्लिकेटसाठी नागपूर गाठावं लागेल, मार्डी रोडला जाऊन फक्त दिवस जाईल.

पहिलं काम : नाव तपासा

सगळ्या कागदांचं मूळ गुणपत्रिकेवरच्या नावात आहे. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि आधार कार्ड टेबलावर शेजारी-शेजारी मांडा. एकेक अक्षर बोटाने पुढे सरकत वाचा. मराठीत ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ ही दोन आडनावं झाली. इंग्रजीत ‘पवार’मध्ये डब्ल्यू आहे की व्ही, ‘तायडे’च्या शेवटी ई एक आहे की दोन, वडिलांचं नाव पूर्ण आहे की नुसतं आद्याक्षर, आईचं नाव बरोबर आहे का, हे सगळं पाहा. नामांकन क्रमांक प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेवर एकच आहे का, तेही पाहा.

चूक सापडली तर पदवी छापली जाण्याआधीच दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिकेतली दुरुस्ती म्हणजे कॉलेजचं पत्र, बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत, मूळ गुणपत्रिका, अर्ज आणि शुल्क. पदवी छापून झाली की तीच दुरुस्ती दोन कागदांवर करावी लागते, शुल्कही दोनदा जातं. चूक आधारवर असेल तर आधार दुरुस्त करा, गुणपत्रिकेला हात लावू नका. आधारमधलं नाव, पत्ता किंवा जन्मतारीख बदलायला 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये लागतात, बोटांचे ठसे किंवा फोटो बदलायला 125. यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा.

सध्या एक अफवा फिरते : ‘आता सगळ्या कागदांवर आईचं नाव मधे टाकावंच लागतं, राजपत्र करून घ्या.’ तो नियम 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. तुमच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून पदवीही बदलायची गरज नसते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत जोडलं की भागतं.

कॉलेज : नो ड्यूज, टी.सी., अनामत

क्रम असा. आधी ग्रंथालयाची पुस्तकं परत. मग प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, वसतिगृह असेल तर मेस, आणि शेवटी लेखा विभाग. सगळ्यांच्या सह्या झालेला नो ड्यूजचा फॉर्म कार्यालयात दिला की टी.सी.चा अर्ज घेतात. एका दिवसात सगळ्या सह्या होतील असं धरून चालू नका. ग्रंथपाल रजेवर असतात, प्रयोगशाळा परीक्षेच्या दिवसांत बंद असते. उन्हाळी परीक्षेचा निकाल लागतो तेव्हाच नवे प्रवेशही सुरू असतात, त्यामुळे खिडकीवर गर्दी. सकाळी कार्यालय उघडताच जा.

सोबत न्यायचं : शेवटच्या सत्राची गुणपत्रिका, ओळखपत्र, ग्रंथालय कार्ड, आधारची प्रत, आणि प्रवेशाच्या वेळी भरलेल्या शुल्काच्या सगळ्या पावत्या. टी.सी.बरोबरच चारित्र्याचा दाखला आणि मराठी-इंग्रजी माध्यमाचा दाखला मागून घ्या. त्याच खिडकीवर, त्याच दिवशी मागितलं तर काम होतं. सहा महिन्यांनी पुन्हा आलात तर पुन्हा अर्ज, पुन्हा चकरा.

टी.सी. मिळाली की तिथेच उभं राहून वाचा : जन्मतारीख, जात-पोटजात, शेवटची परीक्षा, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, शिक्का, सही. मग दहा प्रती काढा आणि स्कॅन करून ठेवा. मूळ टी.सी. पुढच्या कॉलेजात जमा होते, परत मिळत नाही. हरवली तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि डुप्लिकेटचं शुल्क, असा फेरा लागतो. पोलिसांकडची नोंद फुकट असते.

अनामत विसरू नका. प्रवेशाच्या पावतीवर ‘ग्रंथालय अनामत’, ‘प्रयोगशाळा अनामत’, ‘कॉशन मनी’ असं काही लिहिलं असेल तर तो पैसा तुमचा आहे. टी.सी.च्या अर्जासोबतच अनामत परताव्याचा अर्ज द्या आणि रद्द केलेला चेक किंवा पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. तीन वर्षांपूर्वीची पावती सापडत नसेल तर लेखा विभागाला तुमच्या नावाची नोंद काढायला सांगा. ‘नंतर बघू’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

इथे सर्वात जास्त छुपे पैसे जातात. टी.सी. देताना ‘माजी विद्यार्थी संघ’, ‘विकास निधी’, ‘स्मरणिका’ अशा नावाखाली रक्कम मागितली तर एकच प्रश्न विचारा : ‘हे माहितीपत्रकात छापलंय का, आणि पावती मिळेल का?’ दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर द्या. ठरलेल्या शुल्कापलीकडे पैसे घेण्याला 1987 च्या राज्य कायद्यानेच बंदी आहे. संघाची वर्गणी मनापासून द्यायची असेल तर जरूर द्या, पण टी.सी.ची किंमत म्हणून देऊ नका.

दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका प्रवेशाच्या वेळी कॉलेजने ठेवून घेतल्या असतील तर त्याही मागून घ्या. मूळ कागद पाहून लगेच परत करावेत, अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच सांगितलं आहे.

शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता

‘तुमची शिष्यवृत्ती आली नाही, बाकी भरा, मग टी.सी.’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. लगेच खिशात हात घालू नका. आधी महाडीबीटीवर लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. अर्ज कॉलेजच्या पातळीवर पडून आहे, जिल्हा कार्यालयाकडे आहे की हप्ता निघाला आहे, हे तिथे दिसतं. कॉलेजच्या पातळीवर पडून असेल तर दिरंगाई त्यांची आहे. त्या पानाची प्रिंट काढून प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली शुल्काची रक्कम कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात गेली असेल तर ती बाकी खरीच आहे. खात्याचे व्यवहार तपासून मगच वाद घाला.

शेवटचा हप्ता येईपर्यंत ते बँक खातं बंद करू नका, मोबाइल नंबर बदलू नका, आधारची जोडणी दुसऱ्या बँकेकडे हलवू नका. पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. पुण्याला नोकरी लागली, नवं पगार खातं उघडलं आणि बँकेने आधार तिकडे जोडून टाकलं, तर शिष्यवृत्ती त्या नव्या खात्यात जाते आणि इकडे तुम्ही जुन्या पासबुकावर वाट बघत बसता.

पदवी प्रमाणपत्र : कधी, कसं

गुणपत्रिका म्हणजे पदवी नव्हे. पदवी दीक्षान्त समारंभानंतर मिळते आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दीक्षान्ताची अधिसूचना येते. त्यात अर्जाची मुदत, नेहमीचं शुल्क आणि उशिराचं शुल्क छापलेलं असतं. मुदत चुकली की विलंबशुल्क लागतं. दर आठवड्याला एकदा संकेतस्थळ उघडायची सवय लावा. अधिसूचना दिसली की तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण खिडकीवर वाद झाला तर तोच कामी येतो.

अर्ज भरण्याआधी शेवटच्या सत्राच्या परीक्षा अर्जाची पावती बघा. पदवीचं शुल्क त्यातच घेतलं असेल तर पुन्हा भरू नका. समारंभाला हजर राहून पदवी घ्यायची की गैरहजेरीत, हे अर्जातच निवडावं लागतं. गैरहजेरीत टपालाने मागवत असाल तर पत्ता असा द्या की पुढचे सहा महिने तिथे कोणीतरी घरी असेल. भाड्याच्या खोलीचा पत्ता देऊ नका. रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टचा क्रमांक जपून ठेवा.

तोवर नोकरीसाठी काय? प्रोव्हिजनल प्रमाणपत्र काढा. स्पर्धा परीक्षा, बँका आणि पुढचा प्रवेश, सगळीकडे शेवटच्या गुणपत्रिकेबरोबर ते चालतं. जाहिरातीत ‘अमुक तारखेपर्यंत पदवीधर’ अशी अट असेल तर निकालाची तारीख महत्त्वाची असते, दीक्षान्ताची नाही.

विद्यार्थी पात्र ठरल्यापासून 180 दिवसांच्या आत पदवी द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2008 चा नियम आहे. त्यापलीकडे दिवस गेले तर तक्रारीत हा आकडा लिहा.

पदवीला लॅमिनेशन करू नका. दुकानदार तीस-चाळीस रुपयांत आग्रहाने करून देईल, पण परदेशासाठी साक्षांकन करायची वेळ आली की शिक्का त्या प्लॅस्टिकवर बसत नाही. साधी फाइल आणि पारदर्शक कव्हर पुरे.

मायग्रेशन, ट्रान्सक्रिप्ट : गरज असेल तरच

मायग्रेशन दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असेल तरच लागतं. अमरावती विद्यापीठातच एम.ए., एम.कॉम. करत असाल तर ‘असू द्या, घेऊन ठेवा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पुणे, नागपूर किंवा मुंबईला जात असाल तर प्रवेश नक्की झाल्यावर अर्ज करा. बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी हमीपत्र घेऊन मायग्रेशन नंतर द्यायला वेळ देतात. सोबत लागतं : टी.सी.ची प्रत, शेवटची गुणपत्रिका, ओळखपत्र, शुल्काची पावती.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित, बंद पाकिटातला कागद. तो परदेशी विद्यापीठांसाठी लागतो. सहा किंवा आठ सत्रांच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडाव्या लागतात, नापास झालेल्या सत्रांच्यासुद्धा. किती पाकिटं हवीत ते आधी मोजा आणि एकदमच मागा. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचा दाखलाही त्याच अर्जात मागा. तो नसल्यामुळे नोकरीचे अर्ज अडतात.

अकोल्याहून अमरावती : एका चकरेत उरका

अकोला ते अमरावती रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. रेल्वेने आलात तर बहुतेक गाड्यांसाठी बडनेऱ्याला उतरावं लागतं, आणि विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. बडनेऱ्याला स्पेशल ऑटो करून थेट विद्यापीठ म्हणाल तर ऑटोचं भाडं रेल्वे तिकिटाहून जास्त होतं. शेअर ऑटो किंवा सिटी बसने आधी शहरात या, तिथून पुढे जा.

निघण्याआधी तीन गोष्टी बघा : काम ऑनलाइन होतं का, कॉलेजमार्फत अर्ज पाठवता येतो का, आणि त्या दिवशी सुट्टी तर नाही. कॉलेजचा बाबू आठवड्याला विद्यापीठात जात असेल तर तुमचा अर्ज त्याच्यासोबत रीतसर, जावक क्रमांक टाकून जाऊ द्या. स्वतः जायचंच असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा. स्वतःला जमत नसेल तर भाऊ-बहिणीला अधिकारपत्र द्या. त्यावर दोघांच्या सह्या आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती हव्यात.

गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कोणीतरी जवळ येईल. ‘कायले लाईनीत उभं राहता भाऊ? पाचशे द्या, चार वाजता कागद हातात.’ तो काय करतो? तुमचाच फॉर्म भरतो, तेच शुल्क भरतो आणि त्याच खिडकीवर देतो. तातडीचं शुल्क विद्यापीठाने ठरवलेलं असेल तर ते तुम्ही स्वतः चालानने भरू शकता. मूळ गुणपत्रिका तर अशा माणसाच्या हातात अजिबात देऊ नका.

डिजिलॉकर : फुकट, आणि चालतं

विद्यापीठाने नोंदी चढवल्या असतील तर गुणपत्रिका आणि पदवी डिजिलॉकरमध्ये मिळते. शुल्क शून्य. डिजिलॉकरमधला ‘जारी केलेला’ कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या फोटोला तो दर्जा नाही, हा फरक लक्षात ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकाही इथेच काढा. कंपनीच्या एचआरला लिंक पाठवली की अनेक वेळा पडताळणीचा खर्चच वाचतो. पडताळणीचं शुल्क मुळात कंपनीने भरायचं असतं. ‘तुम्ही भरा, नंतर देऊ’ म्हणणाऱ्या अनोळखी कंपनीपासून चार हात लांब राहा.

तहसीलचे दाखले : प्रतिज्ञापत्राच्या नावाखाली लूट

उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर : चारही दाखले आपले सरकार संकेतस्थळावरून घरबसल्या किंवा सेवा केंद्रातून काढता येतात. उत्पन्न आणि अधिवासासाठी 15 दिवसांची मुदत ठरलेली आहे. 2025 मध्ये शासनाने केंद्रांचं सेवाशुल्क वाढवलं.  केंद्राच्या भिंतीवर दरफलक असतो. तो वाचा, पावती घ्या, पावतीवरची रक्कम आणि दिलेली रक्कम जुळवा. ‘फॉर्म भरण्याचे वेगळे, स्कॅनिंगचे वेगळे, साहेबांचे वेगळे’ असा हिशेब सुरू झाला की उठा आणि पुढच्या केंद्रात जा.

सर्वात मोठी लूट स्टॅम्पची. ऑक्टोबर 2024 पासून शंभरच्या स्टॅम्पऐवजी पाचशेचा स्टॅम्प आला. पण मार्च 2025 मध्ये शासनाने स्पष्ट केलं की जात, उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर स्वयंसाक्षांकित अर्ज चालतो. त्याहीआधी, 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने प्रतींवर स्वतःची सही आणि स्वयंघोषणापत्र पुरेसं केलं आहे. तरी कचेरीबाहेरच्या टेबलावर पाचशेचा स्टॅम्प, नोटरी आणि टायपिंग मिळून हजाराच्या आसपास मागतात. नम्रपणे विचारा : ‘कोणत्या नियमाने?’

नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते. कोणत्या वर्षाच्या 31 मार्चला, ते दाखल्यावर छापलेलं असतं. उत्पन्नमर्यादा 8 लाख. केंद्राच्या नोकरीसाठी अर्ज करत असाल तर ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. राज्याचा जोडून अर्ज बाद होऊ देऊ नका.

जात पडताळणी राहिली असेल तर कॉलेज सुटण्याआधीच अर्ज करा. विद्यार्थी असताना कॉलेजचं शिफारसपत्र सहज मिळतं, नंतर ते मिळवताना नाकी नऊ येतात. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा समित्या आहेत. वडील, काका, आजोबा यांचे शाळेचे दाखले आणि जुने महसुली पुरावे आधी गोळा करा. खरा वेळ त्यातच जातो.

पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पासपोर्ट

चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो. अमरावती शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, अमरावतीच्या ग्रामीण भागात ग्रामीण पोलीस अधीक्षक, अकोला जिल्ह्यात सगळीकडे अकोला पोलीस अधीक्षक. चुकीचं पोलीस कार्यालय निवडलं तर अर्ज परत येतो आणि भरलेलं शुल्क जातं.

पासपोर्टसाठी पदवीची वाट पाहायची गरज नाही. दहावी उत्तीर्ण असलात की कामगार-स्थलांतराच्या अतिरिक्त तपासणीतून सूट मिळते. 36 पानी पासपोर्ट 1,500 रुपये, 60 पानी 2,000. तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2,000. पैसे फक्त पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरा, तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर नाही. आपला भाग नागपूर क्षेत्रीय कार्यालयाखाली येतो. भेटीची वेळ घेताना जवळचं केंद्र निवडा. पोलीस पडताळणीला घरी आलेल्या शिपायाला द्यायचं शुल्क शून्य आहे. चहा द्या, पैसे देऊ नका.

पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का हवा असेल तर मंत्रालयाचं शुल्क एका कागदाला 50 रुपये आहे. वर नेमलेल्या संस्थेचं सेवाशुल्क लागतं. त्याआधी राज्याचं साक्षांकन हवं. एजंट हजारांत आकडा सांगतील. तो मुंबईच्या चकरेचा आणि त्यांच्या नफ्याचा आहे, शिक्क्याचा नाही. देश कोणता तेही बघा. सौदी अरेबियाला आता अपोस्टिल चालतं, संयुक्त अरब अमिरातीला दूतावासाचं साक्षांकन लागतं.

कर्ज, बँक, सनद

शैक्षणिक कर्ज असेल तर अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाची सवलत असते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. निकाल लागताच बँकेला लेखी कळवा, आजवरचं व्याज किती आणि हप्ता कधीपासून ते लिहून घ्या. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना लागू झाली होती का, हे विचारा. शाखेने दावाच केला नसेल तर ते व्याज तुमच्या डोक्यावर बसतं. विद्यार्थी खातं साध्या खात्यात कधी बदलणार आणि किमान शिल्लक किती ठेवायची, हेही त्याच फेरीत विचारा.

विधी पदवीधरांनो, सनदेसाठी वकील परिषदेचं नोंदणी शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 30 जुलै 2024 चा निकाल आहे. डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांनी पदवीनंतर लगेच आपापल्या राज्य परिषदेकडे नोंदणी करावी. त्याशिवाय नोकरी कायदेशीर ठरत नाही.

काम अडलं तर

पहिली पायरी लेखी अर्ज. तोंडी सांगितलेल्या तक्रारीची दखल घेतली गेल्याचा पुरावा राहत नाही. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या.

कॉलेज किंवा विद्यापीठ ऐकत नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. 2023 च्या नियमांनुसार समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. माहितीपत्रकापेक्षा जास्त पैसे मागणं आणि निकाल किंवा शिष्यवृत्तीची दिरंगाई, हे सगळं या तक्रारीत येतं.

तहसीलचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली 30 दिवसांत पहिलं अपील. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अपील ऑनलाइन करता येतं.

अर्ज नेमका कुठे अडला हेच कळत नसेल तर माहिती अधिकार. शुल्क 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रती द्या,’ एवढं एक वाक्य लिहा. पुष्कळदा माहितीआधी कागदच हातात येतो. स्वतःची उत्तरपत्रिकाही याच मार्गाने पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो हक्क मान्य केला आहे.

वेळापत्रक

पहिला आठवडा : नाव तपासणी, पुस्तकं परत, नो ड्यूज, डिजिलॉकर. दुसरा ते चौथा आठवडा : टी.सी., चारित्र्य आणि माध्यमाचा दाखला, अनामतीचा अर्ज, प्रोव्हिजनल. दुसरा महिना : अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, गरज असेल तर मायग्रेशन, बँकेला पत्र, पासपोर्टचा अर्ज. त्यानंतर दर आठवड्याला दीक्षान्ताची अधिसूचना.

पासपोर्ट आणि परदेशाचे कागद वगळले तर झेरॉक्स, फोटो, दाखले आणि एसटी-रेल्वेचं भाडं एवढाच खर्च, वर विद्यापीठाचं छापील शुल्क. कोणी याच कामांचा चार-पाच हजारांचा आकडा सांगितला तर त्याच्याकडून प्रत्येक रकमेसमोर पावती क्रमांक लिहून मागा. ज्या रकमेला पावती नाही, ती देऊ नका.